डोंगरावरचा रिपीटर बहिरा झाला: एका पावसाळ्याचं प्रकरण

गावाचं नाव, कॉल साइन, फ्रिक्वेन्सी, माणसांची नावं मुद्दाम काढून टाकली आहेत. बाकी जसं घडलं तसंच लिहितोय, कारण रिपीटर सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुठल्या क्लबला यातला निम्मा त्रास जरी वाचला तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

पार्श्वभूमी

आमचा हॅम रेडिओचा क्लब छोटा. हॅम म्हणजे सरकारी लायसन घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारी माणसं. लायसन असलेले मेंबर वीसेक, त्यातले सकाळच्या नेटला (ठरल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर येऊन हजेरी लावायची ती बैठक) रोज येणारे सात-आठ. घाटमाथ्यावर एका डोंगरावर आमचा दोन मीटरचा (म्हणजे तेवढ्या तरंगलांबीच्या पट्टीवर चालणारा) रिपीटर आहे. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, हातातल्या सेटचा (आम्ही त्याला हँडी म्हणतो) सिग्नल मधे डोंगर आला की तिथेच संपतो, म्हणून उंचावर एक सेट ठेवायचा, तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जोरात परत सोडतो. आपल्याकडे हॅमना दोन मीटरमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मिळते आणि रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि सोडण्याच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायची पद्धत आहे. आता विचार करा, एकाच अँटेनावरून २५ वॅटने ओरडायचं आणि त्याच वेळी, त्याच अँटेनावरून, पाव मायक्रोव्होल्टची कुजबुज ऐकायची. हे जमतं ते डुप्लेक्सरमुळे, म्हणजे सहा उंच डबे एकत्र जोडलेले असतात आणि ते स्वतःच्या ट्रान्समीटरचा आवाज स्वतःच्या रिसिव्हरपर्यंत पोचू देत नाहीत. साधारण ८० ते ९० डीबीची भिंत (डीबी म्हणजे सिग्नल किती पट कमी-जास्त झाला ते सांगायचं माप, दर १० डीबीला दहा पट). या भिंतीला कुठेही चीर गेली की रिपीटर बोलताना बहिरा होतो. त्याला डीसेन्स म्हणतात, आणि हे सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

हा रिपीटर आम्हाला हौस म्हणून नको आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला तेव्हा फोन बंद पडले आणि हॅम मंडळींनी तिथून निरोप पोचवले, हे आमच्या सीनिअर मंडळींनी त्या काळात ऐकलेलं आहे. आमच्या घाटात दर पावसाळ्यात वीज गेली की दोन-तीन वाड्यांचा मोबाइलही जातो. त्या वाड्यांमधे आमचे मेंबर राहतात.

दोन वर्षांपूर्वी रिपीटरची जागा बदलली. आधी तो एका जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर होता, स्लॅब गळायला लागला, मालक म्हणाले की दुरुस्ती काढतोय, तुमचं सामान हलवा. तिथून ३५० मीटरवर एकाचा १५ मीटरचा टॉवर उभाच होता, तो माणूस ओळखीचा, त्याने आनंदाने जागा दिली. एका रविवारी आम्ही दहा जणांनी सगळं हलवलं. वर जाणारी हाफ इंचाची केबल चांगली घेतली, पण खाली डुप्लेक्सरपासून त्या केबलपर्यंत दीड मीटरचा जंपर कमी पडला, तेव्हा एकाच्या घरी उरलेला ४०० जातीच्या लो-लॉस केबलचा तुकडा होता तो लावला. संध्याकाळी सगळ्यांना सिग्नल आधीपेक्षा चांगला आला आणि आम्ही वडापाव खाऊन घरी आलो. कागदाचं नाव कुणीच काढलं नाही, मीही नाही.

अडचण

जुलैचा दुसरा आठवडा. आमचे एक मास्तर आहेत, डोंगरापासून सुमारे २२ किलोमीटरवरच्या गावात राहतात, रोज सकाळी परसात उभं राहून ५ वॅटच्या हँडीवरून नेटला यायचे. ते तुटायला लागले. पहिला शब्द यायचा, मग खरखर, मग काहीच नाही. मग आणखी दोघं गेले. गाडीत २५ वॅटचा सेट असलेले मात्र कसेबसे येत होते.

आणि त्याच आठवड्यात रिपीटरवर अनोळखी आवाज यायला लागले. "चार नंबर गेट, ट्रक आलाय, सोडू का?" "थांब जरा, चावी साहेबांकडं हाय." दिवसभर हेच. जेवायला कोण जाणार, मोटर कोण चालू करणार. हे कोणी हॅम नाहीत हे शेंबडं पोरही सांगेल.

तिसरी गोष्ट बॅटरी. वर १५० एएचची बॅटरी आणि सोलर पॅनल आहेत, जुलैत ऊन म्हणाल तर नावाला. रिपीटर गप्प असताना अर्धा अँपिअर घेतो, बोलताना सहा. हे लोक दिवसाला मिळून पाच तास जरी बोलले तरी ३० एएच नुसते त्यांच्यावर जातात. पहाटे व्होल्टेज खाली येऊन रिपीटर बंद पडायला लागला, म्हणजे नेमका नेटच्या वेळी.

तीन लक्षणं एकाच आठवड्यात दिसली, आणि आम्ही तिन्हींचं कारण एकच धरलं.

पहिला निर्णय, आणि तो चुकलाच

ग्रुपवर एका रात्रीत ठरलं की हे बेकायदेशीर सेटवाले आपला रिसिव्हर दाबतायत, म्हणून मास्तर ऐकू येत नाहीत. रोज तासातासाला रिपीटरवर घोषणा सुरू केल्या, मराठीत, हिंदीत, की ही फ्रिक्वेन्सी हॅम रेडिओसाठी राखीव आहे, आपण लगेच थांबा. कोणी उत्तर देईना. आम्हाला वाटलं मुजोर लोक आहेत. ग्रुपवरची भाषा तापत गेली.

दहा दिवसांनी आमचे काका, जे टेक्निकल बाजू बघतात आणि फारसं बोलत नाहीत, त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "अरे, त्यांना आपण ऐकूच येत नाही."

बरोबर होतं. त्या लोकांचे सेट नेमके आमच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे रिपीटर जिच्यावर ऐकतो तिच्यावर, लावलेले होते. ते तिथेच बोलतात, तिथेच ऐकतात. रिपीटर त्यांचं बोलणं उचलून आउटपुटवर, म्हणजे त्याच्या सोडण्याच्या फ्रिक्वेन्सीवर, सोडत होता, आणि आम्ही जे बोलत होतो तेही आउटपुटवरच बाहेर पडत होतं. आमच्या हँडीचा थेट सिग्नल त्यांच्यापर्यंत जायचा तर मधे अख्खा डोंगर. त्यांना कल्पनाही नव्हती की आपला आवाज निम्म्या जिल्ह्यात ऐकू जातोय. दहा दिवस आम्ही भिंतीशी भांडत होतो.

मग तक्रार करायचं ठरलं. आपल्याकडे हॅम लायसन, रिपीटरची परवानगी, फ्रिक्वेन्सी हे सगळं दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडे (बिनतारी फ्रिक्वेन्सी आणि लायसन बघणारी शाखा) असतं आणि अशा घुसखोरीची तक्रार त्यांच्या मॉनिटरिंग यंत्रणेकडे करता येते. सेक्रेटरी अर्ज लिहायला बसले, सोबत जोडायला रिपीटरच्या लायसनची फाइल काढली, आणि त्यांची नजर अक्षांश-रेखांशावर गेली.

जुन्या गच्चीचे.

रात्री साडेअकराला त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "आपण दुसऱ्याला बेकायदेशीर म्हणतोय, आणि आपला रिपीटर दोन वर्षं कागदावर नसलेल्या जागेवरून चालतोय." मला त्या रात्री झोप लागली नाही.

समोर असलेले पर्याय

रविवारी मीटिंग झाली, ती चार तास चालली. एक मत असं की तक्रार करा, जागेचा मुद्दा कोणी काढणार नाही, ३५० मीटरने काय होतं. हे मत फार टिकलं नाही, कारण तक्रार केली की तपासायला माणूस आधी आपल्याच टॉवरखाली येऊन उभा राहणार हे सगळ्यांना कळत होतं. शिवाय ३५० मीटर हा मुद्दाच नाही, परवानगी त्या ठरावीक जागेची, त्या उंचीची आणि त्या पॉवरची असते.

दुसरं मत, गुपचूप टोन लावा. म्हणजे सीटीसीएसएस, आपल्या सेटमधून बोलताना ऐकू न येणारा एक बारीक स्वर जातो, ६७ ते २५४ हर्ट्झच्या मधला कुठलातरी ठरवून घ्यायचा, आणि तो असेल तरच रिपीटर उघडतो. गेटवाल्यांच्या सेटमधून तो जाणार नाही, रिपीटर त्यांच्यासाठी उघडणार नाही, बॅटरी वाचेल. हे काम पंधरा मिनिटांचं. पण लोक समजतात तसं टोन म्हणजे कुलूप नव्हे. साध्या चायनीज सेटवरसुद्धा तो शोधून काढता येतो, आणि शिवाय तुमचा मेंबर बोलत असताना गेटवाल्याने बटण दाबलं तर इनपुटवर दोघांची टक्कर व्हायची ती होतेच. लक्षण झाकतं, एवढंच.

तिसरं मत सेक्रेटरींचं, रिपीटर आजच बंद करा, जागा बदलाचा अर्ज टाका, परवानगी आल्यावर चालू करा.

भर पावसाळ्यात! मी विरोध केला आणि तो मनापासून केला. मी म्हणालो उद्या दरड कोसळली आणि वाडीवरून निरोप आला नाही तर कागद काय करायचा आहे. त्यावर एक सीनिअर म्हणाले ते अजून आठवतं, की तहसीलदार कचेरीत आपत्तीच्या वेळी आपल्याला टेबल मिळतं ते आपण लायसनवाले आहोत म्हणून, तेच गेलं तर आपण आणि ते गेटवाले सारखेच. मतदान झालं, माझी बाजू तीन मतांनी हरली. त्याच संध्याकाळी काकांनी वर जाऊन स्विच बंद केला.

काय काय केलं

नेट १४५.५०० वर सिम्प्लेक्सने, म्हणजे रिपीटरशिवाय थेट सेट ते सेट, सुरू ठेवलं, आणि माथ्याजवळ राहणारे दोन मेंबर माणसांचे रिपीटर झाले. मास्तर बोलायचे, ते ऐकायचे, पुढे सांगायचे. कंटाळवाणं काम, पण त्या दोघांनी पावसाळाभर एकही सकाळ चुकवली नाही आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर टाकला. तो एकदा परत आला, चूक आमचीच, टॉवरची जमिनीपासूनची उंची आणि डोंगराची समुद्रसपाटीपासूनची उंची आम्ही रकान्यांमधे उलटी भरली होती. टॉवर मालकाचं संमतीपत्र तोंडी होतं ते लेखी घेतलं. मास्टच्या (अँटेनाच्या खांबाच्या) जागेला सॅकफाची, म्हणजे अशा जागा तपासणाऱ्या सरकारी समितीची, मंजुरी हा वेगळा विषय आहे हेही तेव्हाच नीट वाचलं, टॉवर दुसऱ्या कुणाच्या नावाने उभा आहे म्हणजे आपली अँटेना त्यात आपोआप बसली असं धरून चालत नाही. कागद हातात येईपर्यंत दिवाळी उलटली होती.

मधल्या काळात गेटवाले शोधले. इनपुटवर ते बोलतच होते, उलट रिपीटर बंद असल्यामुळे शोधणं सोपं गेलं. लोखंडी मेजरिंग टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप यांची तीन एलिमेंटची यागी (एका दिशेने जास्त ऐकणारी अँटेना) केली, हॅम लोक फॉक्स हंटला, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळाला, वापरतात तीच. जवळ गेल्यावर सिग्नल इतका भरतो की सगळीकडे सारखाच दिसतो, मग अँटेना काढून हँडी छातीशी धरायची आणि स्वतःभोवती फिरायचं, जिकडे पाठ केल्यावर आवाज पडतो तिकडे तो माणूस. दोन रविवार गेले. निघालं ते एक प्लॉटिंगचं काम, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर.

मुकादम पन्नाशीचा माणूस, आम्हाला बघून आधी खुर्च्या मागवल्या. विचारलं, दादा हे सेट कुठून घेतले? म्हणाला ऑनलाइन मागवले, सहा नग, ज्याने विकले त्यानेच चॅनल भरून दिले. "लायसन लागतंय होय ह्याला? आमाला वाटलं खेळण्यातलंच हाय." माझ्या फोनवर त्याच्याच माणसांचं रेकॉर्डिंग ऐकवलं, ट्रक, चावी, साहेब, सगळं. त्याचा चेहरा उतरला. साहेब साइटवर कधी नसतात हे आमच्या सगळ्या मेंबरांना माहीत होतं, रात्री गेटवर एकच माणूस असतो हेही. हे त्याला कायद्याच्या भीतीपेक्षा जास्त लागलं असं मला वाटतं.

आम्ही धमकी दिली नाही. कागदावर लिहून दिलं की ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधे चालणारे कमी पॉवरचे सेट मिळतात, २०१८ च्या नियमांप्रमाणे त्यांना लायसन लागत नाही, पण घेताना डब्ल्यूपीसीचं ईटीए (त्या सेटला मिळालेली मंजुरी) आहे का ते बघून घ्या, तुमच्या साइटला तेवढी रेंज पुरेल. आठवड्यात इनपुट शांत झाली. तक्रार शेवटपर्यंत पाठवावी लागली नाही.

निकाल

आता खरी गोष्ट. परवानगी आली, रिपीटर चालू केला, गेटवाले गेलेले, टोन लावलेला, बॅटरी भरलेली. आणि मास्तर तसेच तुटत होते.

म्हणजे सगळ्या पावसाळ्यात ज्यांना शिव्या घातल्या त्यांचा या दुखण्याशी संबंधच नव्हता.

काकांनी एका निवृत्त टेक्निशियनकडून सर्व्हिस मॉनिटर, म्हणजे रेडिओ तपासायचं यंत्र, उसना आणला. रिपीटर बंद ठेवला होता त्या काळात डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर आतच जिरवणारा भार) लावून एक टेस्ट झालेली होती, त्यात डीसेन्स जेमतेम १ डीबी, म्हणजे सेट आणि डुप्लेक्सर ठीक. आता तीच टेस्ट अँटेना लावून. कपलर नावाच्या जोडामधून अगदी बारीक सिग्नल रिसिव्हरला द्यायचा, ट्रान्समीटर बंद असताना तो किती लेव्हलला नीट ऐकू येतो ते बघायचं, मग ट्रान्समीटर चालू करायचा आणि तेवढंच नीट ऐकू यायला सिग्नल किती वाढवावा लागतो ते बघायचं. बंद असताना उणे ११७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल बारीक). चालू केल्यावर उणे १०३. चौदा डीबी.

चौदा डीबी म्हणजे पंचवीस पट. मास्तरांची ५ वॅटची हँडी रिपीटरला ०.२ वॅटची वाटत होती. गाडीतला २५ वॅटचा सेट १ वॅटचा. कोडं तिथेच सुटलं.

मग काकांनी जंपरला बोटाने हलकं हलवलं. मीटरचा काटा वेड्यासारखा नाचला आणि स्पीकरमधून कागद चुरगाळल्यासारखी खरखर आली. तो दीड मीटरचा तुकडा. या जातीच्या केबलमधे आत अल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर टिन लावलेल्या तांब्याची जाळी असते, दोन वेगळे धातू एकमेकांवर घासतात, एरवी साध्या सेटला याने काही होत नाही, पण एकाच वेळी बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सिस्टिममधे ट्रान्समीटरची पॉवर त्या घासणाऱ्या जागांमधून जाताना आवाज तयार होतो आणि तो थेट रिसिव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर बसतो. डुप्लेक्सर काही करू शकत नाही कारण हा आवाज त्याच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला जन्मतो. रविवारी बसवलं तेव्हा वारा नव्हता, केबल नवीन होती. दोन पावसाळ्यांचा वारा आणि ओल खाल्ल्यावर तो जागा झाला. घरी आणून ब्लेडने उभा चिरला, तर कनेक्टरपासून चार बोटं अंतरावर फॉइल काळी पडलेली आणि बोटाला करडी भुकटी लागली.

चांदी चढवलेली दुहेरी जाळीची आरजी-२१४ आणून जंपर केला. चौदाचे पाच झाले. उरलेल्या पाचासाठी टॉवरवर चढावं लागलं, अँटेनाच्या क्लॅम्पचा यू-बोल्ट गंजून ढिला झाला होता आणि शेजारी एक जुनी साखळी लोंबकळत होती, गंजलेला सांधा हासुद्धा डायोडसारखं वागतो आणि तसाच आवाज तयार करतो. बोल्ट स्टेनलेसचा टाकला, साखळी काढली. पाचाचे दीड डीबी झाले. दुसऱ्या दिवशी मास्तर परसातून आले, पूर्ण वाक्य, मागे त्यांच्या गाईचं हंबरणंसुद्धा.

वेगळं काय करता आलं असतं

बसवल्या दिवशी डीसेन्सचं माप घेऊन लिहून ठेवलं असतं तर जुलैत अर्ध्या दिवसात कळलं असतं की बिघाड आपल्या घरात आहे. आमच्याकडे आधीचा आकडाच नव्हता. क्लबात नॅनोव्हीएनए (अँटेना, फिल्टर तपासायचं छोटं यंत्र) आहे, त्यावर डुप्लेक्सरचे खड्डे, म्हणजे तो सिग्नल जिथे अडवतो त्या जागा, दिसतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण तो साधारण ७० डीबीच्या खाली बघूच शकत नाही, आणि जंपरची खरखर तर त्यात दिसणारच नाही कारण त्यात पॉवर जात नाही.

इनपुटवर एक सेट लावून ऐकायला पहिल्याच दिवशी बसायला हवं होतं. टोन आधीपासून असायला हवा होता.

बंद करण्याच्या निर्णयाबद्दल माझं मत आता बदललंय, तो बरोबर होता. पण एक पर्याय त्या चार तासांत कुणाच्याच डोक्यात आला नाही, तो सप्टेंबरात आला आणि तेव्हापासून मला छळतोय. आमचं लायसन जुन्या गच्चीसाठी वैधच होतं. त्या बिल्डिंगची दुरुस्ती कधीच पूर्ण झाली होती. एका रविवारी सगळं ३५० मीटर परत नेलं असतं, जुनी अँटेना तिथे अजून उभी होती, तर पावसाळाभर रिपीटर पूर्ण कायदेशीर चालला असता, आणि जंपर बदलल्यामुळे मास्तरही ऐकू आले असते. आम्ही चालू ठेवा की बंद करा एवढ्यावरच भांडत बसलो.

नशिबाने त्या वर्षी दरड कुठल्या वाडीवर आली नाही.

आता कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद प्लास्टिकमधे घालून चिकटवलाय. तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, ट्रान्समीटर बंद असतानाचं माप, चालू असतानाचं माप, सही. वर जाणाऱ्याने भरल्याशिवाय दार लावायचं नाही. त्याच्या खाली लायसनची झेरॉक्स, अक्षांश-रेखांशावर लाल रेघ मारलेली. जुन्या गच्चीच्या मालकांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत, पण तोंडी. मेच्या शेवटच्या रविवारी वर जाणार आहोत तेव्हा वाटेत त्यांच्याकडून लेखी घ्यायचंय.